दिवाळीनंतर साखर कमी करताना: आधी काय, मग काय

भाऊबीज आटोपली की दुसऱ्या दिवशी घरोघरी एकच घोषणा होते: ‘आजपासून गोड बंद.’ दोन-चार दिवस ती टिकते. मग एका संध्याकाळी मोडते, आणि मोडते तीही एका लाडवावर नाही, अर्ध्या डब्यावर. दोष मनाच्या कच्चेपणाला दिला जातो, पण चुकलेला असतो तो क्रम. गोड आधी काढलं जातं आणि पोट भरायची सोय नंतर होते किंवा होतच नाही. साखर आणि चहा एकाच दिवशी तोडले जातात. फराळाचे डबे ओट्यावर तसेच राहतात. साखरेच्या जागी गूळ येतो, म्हणजे बदलत काहीच नाही.

खालचे टप्पे चार ते सहा आठवड्यांचे आहेत आणि ते याच क्रमाने घ्यायचे आहेत. सुरुवात भाऊबीजेनंतर लगेच केलेली बरी. कार्तिक शुद्ध द्वितीयेपासून कार्तिकी एकादशीपर्यंत मध्ये जेमतेम नऊ दिवस मिळतात. त्यानंतर तुळशीची लग्नं लागली की माणसांचीही सुरू होतात आणि मग ताटात रोज काही ना काही गोड असतं. पहिले दोन टप्पे या नऊ दिवसांत उरकले आणि तिसरा सुरू झाला, तर पुढचं बरंच सोपं जातं.

## सुरू करण्याआधी: हे ज्यांना लागू आहे त्यांनी थांबा

मधुमेहासाठी इन्सुलिन घेत असाल किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या चालू असतील, तर साखर आणि जेवणातले पिष्टमय पदार्थ अचानक कमी करू नका. औषधाचा डोस जुन्या खाण्याच्या हिशेबाने ठरलेला असतो. खाणं घटलं आणि डोस तोच राहिला, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आधी डॉक्टरांशी बोला, मग टप्पा १.

दरदरून घाम, हातापायांना कंप, धडधड, एकाएकी चिडचिड किंवा गोंधळल्यासारखं होणं ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत. अशा वेळी साखर हेच औषध. तीन-चार सपाट चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून प्यायची, १५ मिनिटांनी रक्तातली साखर पुन्हा तपासायची आणि ती ७० मि.ग्रॅ./डे.लि.च्या खालीच असेल तर तेवढीच मात्रा परत घ्यायची. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साध्या साखरेचा उपयोग उशिरा होतो, कारण आतड्यात साखर फोडण्याचं कामच ही औषधं मंदावतात. अशांनी औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोज पावडर घरात आणि पिशवीत ठेवावी. गोळीच्या पट्टीवरची घटकांची नावं आजच वाचून घ्या.

गर्भवती आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनीही जेवणातला बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.

## तयारी: आधी मोजा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेप्रमाणे वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत आणता आली तर आणखी चांगलं. रोजचा आहार २००० कॅलरींचा धरला तर हे आकडे ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम असे येतात. यात साखर, गूळ, मध, काकवी, सिरप आणि फळांचा गाळलेला रस हे सगळं मोजायचं. अख्ख्या फळातली आणि साध्या दुधातली नैसर्गिक साखर यात येत नाही.

आता घरातला हिशेब. किराणा यादी काढा. दिवाळीच्या महिन्याची नको, एखाद्या साध्या महिन्याची घ्या. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो साखर संपत असेल, तर माणशी रोज ४२ ग्रॅमच्या आसपास झाली. गूळ, बिस्किटं, टपरीवरचा चहा आणि बाहेरची मिठाई यात धरलेलीच नाही. बहुतेक घरांना हा आकडा पाहून धक्का बसतो, कारण ‘आम्ही फारसं गोड खात नाही’ हे म्हणणं ताटातल्या गोडावरून ठरवलेलं असतं, चहाच्या कपावरून नाही.

त्यासाठी आठवड्याची बरणी ठेवा. महिन्याची साखर मोठ्या डब्यात वर ठेवून द्यायची आणि रोजच्या वापराला एका बरणीत सात दिवसांची मोजून काढायची. पाच किलोच्या घराला आठवड्याला साधारण ११५० ग्रॅम लागतात. तिथूनच सुरुवात करा आणि दर आठवड्याला १०० ते १५० ग्रॅम कमी भरत जा. चार माणसांना रोज २५ ग्रॅमप्रमाणे आठवड्याचे ७०० ग्रॅम होतात, पण बाहेरचं खाणं धरून बरणी शेवटी ५०० ग्रॅमच्या आसपास यायला हवी. घरात गूळ वापरत असाल तर तोही याच वजनात. बरणी गुरुवारीच संपली तर शनिवारपर्यंत भरायची नाही, आणि त्यावरून भांडायचंही नाही. कुठे जास्त गेली एवढंच बघायचं.

लागणारं सामान थोडं आहे: स्वयंपाकघरातला वजनकाटा (नसेल तर वाण्याकडून ५०० ग्रॅम मोजून आणा आणि बरणीवर खूण करा), साखरेसाठी एकच ठरलेला चमचा, आणि आत काय आहे ते दिसणार नाही असे दोन डबे.

चमच्याचं नीट लक्षात घ्या. सपाट चमच्यात ४ ग्रॅमच्या आसपास साखर मावते, शिगोशीग भरला तर ६ ते ७. ‘दोन चमचे’ म्हणणाऱ्या दोन माणसांच्या चहात दीडपट फरक असू शकतो.

## टप्पा १: डबे आवरा (पहिला दिवस)

समोर दिसणारं गोड नाकारायला दिवसातून वीस वेळा ‘नको’ म्हणावं लागतं. एकविसाव्या वेळी तोंडातून ‘एकच’ निघतं. म्हणून फराळ पहिल्याच दिवशी तीन भागांत वाटा.

लवकर खराब होणारं आधी. ओल्या नारळाच्या वड्या, खव्याची बर्फी, पेढे फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांत संपवायचे. एवढं संपणार नसेल तर आजच देऊन टाका. ‘वाया जाईल’ म्हणून स्वतःच्या पोटात ढकललेलं अन्नही वायाच गेलेलं असतं.

टिकाऊ ते दुसऱ्या भागात. बेसनाचे लाडू, रव्याचे लाडू, शंकरपाळी. घरातल्या माणसांना पुढच्या दोन आठवड्यांत आठवड्याला प्रत्येकी दोन नग पुरतील एवढेच मोजून ठेवा, न दिसणाऱ्या डब्यात, वरच्या फळीवर. बेसनाचे लाडू हवाबंद डब्यात घालून फ्रीजरला चांगले टिकतात. गोठलेला लाडू खायला पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं आणि तेवढ्यात निम्म्या वेळा इच्छाच सरते.

उरलेलं सगळं वाटून टाका, आणि ते चांगलं असतानाच. सोसायटीचे वॉचमन, घंटागाडीवरची माणसं, घरकामाच्या ताई, कारखान्यातले दिवाळीला गावी जाऊ न शकलेले सहकारी. करंजी खवट झाल्यावर पिशवी भरून देणं हा शुद्ध अपमान आहे.

चिवडा-चकलीचं काय? त्यात साखर थोडी असली तरी मीठ-तेल भरपूर असतं, आणि खारट खाल्ल्यावर गोड खावंसं वाटणारी माणसं खूप आहेत. वाटीत काढून घ्या, डब्यात हात घालू नका.

डब्यात नेमकं काय आहे याचाही अंदाज हवा. घरगुती बेसनाच्या लाडवात एक तृतीयांश वजन पिठीसाखरेचं असतं. चाळीस ग्रॅमच्या मध्यम लाडवात सव्वातीन चमचे साखर जाते. अनारशात तांदळाला जवळजवळ तेवढाच गूळ असतो. शंकरपाळीत प्रमाण कमी, साधारण पाचवा हिस्सा, पण ती मूठमूठ खाल्ली जाते आणि दोन मुठींत लाडवाची बरोबरी होते.

तपासणी: संध्याकाळी स्वयंपाकघरात उभं राहून चौफेर नजर टाका. हात लांबवला की मिळेल असं काही गोड दिसलं तर टप्पा १ अजून व्हायचा आहे.

## टप्पा २: पोट आधी भरा (दिवस २ ते ५)

हे चार दिवस साखर कमी करायची नाही. चहा रोजचाच प्या. फक्त जेवणाच्या वेळा आणि ताट सुधारायचं. हाच टप्पा सगळे गाळतात आणि पुढे फसतात.

कारण साधं आहे. दिवाळीभर जेवणाच्या वेळा कोलमडलेल्या असतात. मग ‘आता जरा हलकं’ म्हणून सकाळी नुसता चहा-बिस्किट आणि दुपारी दोन पोळ्या-भाजी होते. चार-साडेचारला शरीर खरंच भुकेलेलं असतं आणि भुकेल्या शरीराला सगळ्यात जवळची वाटते ती साखर. या भुकेला तलफ समजून दाबलं जातं आणि रात्री नऊला तिचा हिशेब चुकता होतो.

नाश्ता उठल्यापासून दीड-दोन तासांत, आणि त्यात प्रथिनं हवीतच. नुसत्या पोह्यांत ती फार कमी. पोह्यांत शेंगदाणे वाढवा आणि सोबत वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ घ्या, किंवा दोन अंडी, किंवा हिरव्या मुगाची दोन धिरडी. अंदाजासाठी: एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं, तीस ग्रॅम कोरड्या मुगात किंवा शेंगदाण्यात ७ च्या आसपास, तीस ग्रॅम फुटाण्यांत ६. नाश्त्याला १५ ग्रॅमपर्यंत पोहोचलात की अकराची बिस्किटं बहुतेक वेळा आपोआप सुटतात. या हिशेबाने मिसळ हा वाईट नाश्ता मुळीच नाही, मटकीने पोट भरतं. पाव दोनाऐवजी एक घ्या, तर्री बेताने. मिसळीनंतर मागवली जाणारी जिलबी हा वेगळा विषय आहे, तो टप्पा ६ मध्ये.

दुपारच्या ताटात डाळ किंवा उसळ वाटीभर, चमचाभर नाही. भाजी दुप्पट, आणि ताक. थंडीत बाजरीची भाकरी असेल तर उत्तम. नाशकात असाल तर गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून मेथी, मुळा, गाजर, ओला हरभरा भरपूर आणा. भाजी घरात नसली की पोळीबरोबर साखरांबा येतो.

चार वाजता, भूक लागायच्या आधी, ठरलेलं काहीतरी: मूठभर फुटाणे-शेंगदाणे, पेरू किंवा वाटीभर साधं दही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिल्या पाळीत जाणाऱ्यांचं दुपारचं जेवण लवकर होतं, त्यांची ही वेळ अडीच-तीनची. पाळीतून सुटून घरी येईपर्यंत काही न खाता राहिलात तर वाटेतल्या टपरीवर क्रीमरोल ठरलेला.

रात्रीची झोप हाही याच टप्प्याचा भाग. झोप अपुरी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन घटतं. दिवाळीतली जागरणं चालू ठेवून साखर कमी करणं म्हणजे हँडब्रेक ओढून घाट चढणं.

तपासणी: पाचव्या दिवशी दुपारी चार वाजता तुम्ही खाण्यासाठी कासावीस नसाल तर पुढे जा. असाल तर दुपारच्या जेवणात डाळ-उसळ वाढवा आणि आणखी तीन दिवस इथेच थांबा.

## टप्पा ३: चहा (दिवस ६ पासून चार-पाच आठवडे)

बहुतेक मराठी घरांत साखरेचा सगळ्यात मोठा वाटा मिठाईत नसून चहात असतो. चार कप, प्रत्येकी दोन शिगोशीग चमचे: ४८ ग्रॅम, म्हणजे दिवसाची वरची मर्यादा एकट्या चहातच संपली. नोव्हेंबर-डिसेंबरात निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली उतरू लागतो, तेव्हा नाशकातही चहाच्या फेऱ्या वाढतात. त्यामुळे कप कमी करण्यापेक्षा कपातली साखर कमी करणं जास्त जमण्यासारखं आहे.

सावधान: कप आणि साखर एकदम कमी करू नका. चहातल्या कॅफिनची सवय असते. कप एकदम घटले की एक-दोन दिवसांत डोकं ठणकू लागतं आणि ते आठवडाभर चालू शकतं. माणसाला वाटतं साखर सोडल्यामुळे दुखतंय, आणि तो दोन्ही परत सुरू करतो. कप तेवढेच ठेवा.

पहिली गोष्ट, साखर पातेल्यात घालणं बंद करा. ज्याच्या-त्याच्या कपात घाला. सगळ्यांचा चहा एकत्र गोड होतो तेव्हा घरातल्या सर्वांत गोडघाशा माणसाच्या चवीनेच सगळे पितात. आजींना त्यांचा चहा पूर्वीसारखाच मिळू द्या. त्यांच्यावर जबरदस्ती केली की सगळी मोहीमच घरात नकोशी होते.

मग आठवड्याला एक पायरी. पहिल्या आठवड्यात दोनच चमचे, पण सपाट. एवढ्यानेच चार कपांत १६ ग्रॅम वाचतात आणि चवीत फारसा फरक कळत नाही. दुसऱ्यात दीड, तिसऱ्यात सव्वा, चौथ्यात एक. पुढे अर्ध्यापर्यंत यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. एक सपाट चमचा आणि दिवसाला तीन कप म्हणजे १२ ग्रॅम, आणि तेवढ्यावर थांबणाऱ्यांनी अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. जिभेला नव्या गोडीची सवय व्हायला काही आठवडे लागतात. ती झाली की जुना चहा पाकासारखा लागतो.

साखर घटवताना चहा कडू लागतो अशी तक्रार हमखास येते. दोष साखरेचा नसून उकळण्याचा असतो. पावडर पाच-सात मिनिटं खदखदवली की तुरटपणा उतरतो आणि तो झाकायला साखर लागते. आधी आलं, गवती चहा, वेलची पाण्यात चांगली उकळा, पावडर नेहमीपेक्षा पाव चमचा कमी आणि शेवटी घाला, दूध ओतून एक उकळी आली की गाळा. वेलचीच्या वासाने चहा आहे त्यापेक्षा गोड वाटतो.

टपरीवर हे चालत नाही, कारण तिथल्या पातेल्यात साखर आधीच पडलेली असते. ‘साखर कमी’ सांगून उपयोग नाही. कटिंगच घ्या, किंवा बिनसाखरेचा वेगळा करून मिळतो का विचारा. कारखान्यातल्या आणि ऑफिसातल्या चहाचंही तेच. तिथला एखादा फेरा सोडायचा असेल तर तो महिन्याभराने सोडा, आत्ता नाही.

गुळाचा चहा: ‘गुळाचा चहा’ अशी पाटी दिसली की निर्धास्त होणाऱ्यांसाठी. गुळात थोडी खनिजं असतात, पण त्याचा बहुतांश भाग साखरच आहे. चहात पडणाऱ्या गुळातून मिळणारं लोह नगण्य, आणि चहातली टॅनिन्स (तुरट द्रव्यं) तेही नीट शोषू देत नाहीत. चवीसाठी प्या, पण मोजताना साखरच धरा. मध-लिंबूपाण्यातल्या मधालाही हाच नियम.

कृत्रिम गोडीच्या गोळ्या: जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या गोळ्या वापरू नयेत असं सुचवलं. ती सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांचं ऐकावं. इतरांच्या बाबतीत अडचण अशी की जीभ तेवढ्याच गोडीची सवय धरून बसते.

## टप्पा ४: पाकिटं वाचा (दुसऱ्या आठवड्यात, एका बसणीत)

घरातली सगळी पाकिटं ओट्यावर मांडा: बिस्किटं, टोस्ट, दुधात घालायची चॉकलेटी पावडर, सॉस, सकाळचं कॉर्नफ्लेक्स किंवा म्युसली, सरबतं, फ्लेवरचं दही. मागच्या तक्त्यात दर १०० ग्रॅमला एकूण साखर आणि वरून घातलेली साखर असे आकडे असतात. पाहायचा तो दुसरा.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर पहिल्या तीनांत असेल तर पदार्थ गोडच समजा, चव कशीही लागो. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, फ्रुक्टोज, मध, फळांच्या रसाचा अर्क ही सगळी साखरेचीच भावंडं. माल्टोडेक्स्ट्रिन साखरेच्या आकड्यात धरलं जात नाही, पण रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं.

साधी चहाची बिस्किटं बघा: १०० ग्रॅमला २० ते २७ ग्रॅम साखर. एका बिस्किटात सव्वा ग्रॅमच्या आसपास, म्हणून निरुपद्रवी वाटतात, पण सकाळ-संध्याकाळ चार-चार खाल्ली की १० ग्रॅम झाले. थंड पेयांत १०० मिलीला १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत दिवसाचे २५ ग्रॅम एका दमात. टोमॅटो सॉसच्या मोठ्या चमच्यात एक चहाचा चमचा साखर निघते.

‘शुगर-फ्री’ मिठाईचा खोका पाहून फसू नका. साखर नसली तरी खवा, मैदा, तूप तेवढंच असतं. शिवाय साखरेऐवजी माल्टिटॉल-सॉर्बिटॉल ही गोडी घातलेल्या चार वड्या खाल्ल्या की पोटात गॅस आणि जुलाब ठरलेले.

आणि एक सवलत. आमटीतल्या गुळाच्या खड्यावरून घरात वाद घालू नका. चौघांच्या आमटीत चमचाभर गूळ म्हणजे माणशी एक-दीड ग्रॅम. तो काढून आमटी बिघडवायची आणि वर दोन बिस्किटं खायची, हा तोट्याचा व्यवहार आहे.

## टप्पा ५: तलफ आली की काय करायचं

आधीचे टप्पे नीट झाले तरी तलफ येणारच, पण ती दिवसातून एक-दोनदा आणि ठरलेल्या वेळी येईल. आली की पहिला प्रश्न स्वतःला विचारा: आत्ता भाकरी आणि पिठलं कुणी पुढे ठेवलं तर खाल का? उत्तर ‘हो’ असेल तर ही भूक आहे, जेवा. ‘नाही, फक्त गुलाबजाम’ असेल तर तलफ आहे, आणि ती काही मिनिटांत आपसूक ओसरते. तेवढी मिनिटं कशी काढायची एवढाच प्रश्न.

सकाळी अकराला आली तर बहुतेक वेळा नाश्ता कमी पडलेला असतो. पाणी प्या, फळ खा आणि उद्याचा नाश्ता सुधारा.

संध्याकाळी आली तर जागा बदला. पंधरा मिनिटं भरभर चालणं हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. नाशकात कॉलेज रोडला राहत असाल तर कृषीनगरचा ट्रॅक, नाहीतर सोसायटीभोवती चार फेऱ्या. फक्त वाट बेकरीवरून जाणारी नको.

रात्री जेवणानंतरची तलफ ही बहुधा निव्वळ सवय असते. जेवण संपताच दात घासा. तोंड चाळवायला भाजलेली साधी बडीशेप, ओवा-तीळ. हॉटेलातली रंगीत बडीशेप साखरेत घोळलेली असते, आणि मसाला पानातला गुलकंद म्हणजे पाकातल्या पाकळ्या. तरीही काही हवंच असेल तर पेरू घ्या, या दिवसांत तो मुबलक असतो आणि चोथ्यामुळे पोटही भरतं. सीताफळ जास्त गोड असतं, अर्धं पुरे. जानेवारीपासून आपल्याकडे द्राक्षं येतील तेव्हा १०० ग्रॅमला साधारण १६ ग्रॅम साखर हे लक्षात ठेवा: पंधरा-वीस मणी वाटीत मोजून, दूरदर्शनसमोर खोकं घेऊन नाही. रस कुठल्याच फळाचा नको. चोथा गेला की उरतं ते साखरपाणीच.

पंधरा मिनिटांनंतरही तलफ तशीच असेल तर खा. अर्धा लाडू बशीत घेऊन, बसून, फोन बाजूला ठेवून. उभ्या-उभ्या डब्यातून खाल्लेलं मोजलं जात नाही आणि पुरतही नाही.

नेहमीची चूक: जास्त खाल्लं म्हणून दुसऱ्या दिवशी उपास. उपासाच्या संध्याकाळी पुन्हा तीच गत होते. चुकल्यानंतरचं पुढचं जेवण नेहमीसारखं आणि नेहमीच्या वेळी घ्या.

## टप्पा ६: गोड ठरवून खा (तिसऱ्या आठवड्यापासून)

कायमचं बंद करण्याची भाषा सोडा. आठवड्यात दोन वेळा, जेवणानंतर, आवडीचंच. रिकाम्या पोटी गोड खाल्लं तर जास्त खाल्लं जातं आणि रक्तातली साखरही वेगाने चढते. रविवारी मिसळीनंतर बुधा हलवाईकडची जिलबी खायची असेल तर तीच त्या आठवड्यातली एक वेळ धरा: दोन जिलब्या, गरम, पावशेराचा पुडा घरी न आणता. ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा बेचव केक मात्र खुशाल नाकारा. आवडत नसलेल्या गोष्टीवर २० ग्रॅम साखर घालवण्यात काय हशील?

आग्रहाला तोंड कसं द्यायचं? ‘डाएट चालू आहे’ म्हटलं की यजमानीणबाई इरेला पेटतात. ‘काकू, लाडू राहू द्या, तुमची भाजणीची चकली द्या दोन’ हे चालतं, कारण त्यात त्यांच्या हाताचा मान राहतो. ताट समोर येण्याआधीच सांगा. वाढलेलं परत करणं सगळ्यांनाच अवघड जातं.

थंडीतले डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू ‘औषधी’ खात्यात टाकले जातात. त्यांतही गूळ किंवा साखर असते. पंचवीस-तीस ग्रॅमचा लहान लाडू वळा, सकाळी एकच घ्या आणि त्या दिवशीच्या चहातला एक चमचा त्याच्या नावे वजा करा. खजूर घालून ‘बिनसाखरेचे’ केलेले लाडूही मोजावेच लागतात.

## टप्पा ७: तपासण्या आणि पुढचे सण

रक्ततपासणी करायची तर कोणती, कधी? उपाशीपोटीची साखर आठ तास काही न खाता तपासतात. १०० च्या खाली सामान्य, १०० ते १२५ मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून डॉक्टरांना दाखवायची. एचबीएवनसी ही मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते: ५.७ च्या खाली सामान्य, ६.५ पासून पुढे मधुमेह. म्हणून पंधरा दिवस साखर कमी करून ती तपासली तर फरक दिसत नाही आणि लोक निराश होतात. सुरुवातीला एकदा करा, दुसरी तीन महिन्यांनी. पहिल्या आठवड्यात वजनकाट्यावर उतरलेला किलो-दीड किलोही मुख्यतः पाण्याचा असतो, त्यावर खूष होऊन सूट घेऊ नका.

कार्तिकी एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीला जोड म्हणून साबुदाण्याच्या खिरीसारखं काही गोड करू नका, दही आणि शेंगदाण्याची आमटी घ्या. तुळशीच्या लग्नाचा प्रसाद सोयीचा असतो: बोरं, आवळे, चिंच, उसाचं कांडं. ऊस चावून खाल्ला तर दोन कांड्यांत जबडा दमतो, रसाचा ग्लास मात्र दोन मिनिटांत रिकामा होतो. लग्नसराईत पंगतीला बसण्याआधी घरून ताक आणि फुटाणे खाऊन निघा. मुहूर्त टळला की दीड-दोन तास भुकेले राहून माणूस पहिला हात घालतो तो बासुंदीत. मार्गशीर्षातल्या गुरुवारी नैवेद्य वाटीभराचाच करा, पातेलंभर नको.

संक्रांतीची तयारी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच ठरवा. तिळाच्या वड्यांत तीळ आणि गूळ सारखे घेतले जातात. एक वाटी गुळाला दीड वाटी तीळ आणि अर्धी वाटी दाण्याचं कूट घेतलं तरी वड्या पडतात, फक्त पाक गोळीबंद हवा आणि थापायला उशीर नको. दहा ग्रॅमची लहान वडी कापली की एकीत चार ग्रॅमच्या आत साखर जाते. काटेरी हलवा म्हणजे जवळजवळ नुसती साखर. बोरन्हाणात चुरमुरे, बोरं, भुईमुगाच्या शेंगा आणि उसाचे तुकडे जास्त घ्या, हलवा दिसण्यापुरता मूठभर, आणि मुलांनी वेचलेल्या चॉकलेटांची पिशवी त्याच संध्याकाळी वरच्या फळीवर टाका.